ओळख पटवणारी ठमाबाय

निवडणुकीची ड्यूटी आली की आमच्या शाळेतल्या निम्म्या बायकांची पाठ धरायची आणि उरलेल्यांच्या सासूबाई आजारी पडायच्या. मला सासू नव्हती आणि पाठ ठणठणीत होती. त्यामुळे सत्तराच्या दशकाच्या शेवटापासून पुढच्या आठ-नऊ वर्षांत तीनदा माझी वर्णी लागली, आणि तिन्ही वेळा घणसोली गावातल्या शाळेचा तोच वर्ग माझ्या वाट्याला आला. पहिल्यांदा वाशीहून निघाले ती नवऱ्याशी भांडून. तिसऱ्यांदा मीच हेडबाईंना जाऊन विचारलं, यंदा यादीत माझं नाव आहे ना? त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हा फरक पडला तो ठमाबायमुळे. ठमाबाय मासळी विकायची. तिन्ही निवडणुकांत तिनं आमच्या केंद्रावर अख्ख्या गावाची ओळख पटवून दिली. आणि शेवटच्या वेळी तिची स्वतःची ओळख पटवायला कोणी मिळेना, तिचंच मत जातंय की राहतंय अशी पाळी आली. ते सांगायलाच मी बसले आहे. पण ठमाबायबद्दल सरळ रेषेत सांगता येत नाही. तिला तर स्वतःलाच कुठली गोष्ट सरळ सांगता यायची नाही.

त्या काळी फोटोचं ओळखपत्र नव्हतं. मतदार म्हणजे यादीतली एक ओळ. घर नंबर, नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय. हातात चिठ्ठी असली तर बरं, नसली तरी यादीत नाव शोधून द्यायचं. पण समोर उभी असलेली बाई म्हणजे त्या ओळीतलीच बाई, हे सांगणार कोण? बाजूच्या बाकावर पक्षांचे एजंट बसलेले असत, त्यांना शंका आली तर ते हरकत घेऊ शकत. आणि केंद्राध्यक्षाला वाटलं तर गावातलं एखादं जाणतं माणूस ओळख पटवायला हाताशी घेता येई. इतर गावांत असं माणूस म्हणजे एखादा निवृत्त मास्तर असायचा. घणसोलीत ठमाबाय.

पहिल्या वेळी मी वर्गात शिरले तेव्हा ही बाई दाराजवळ पाटावर बसून मशेरी लावत होती. काळी, किरकोळ, कासोटा घट्ट, कपाळ रिकामं. वयाचा अंदाज येईना. केंद्राध्यक्षांनी तिला समजावलं की बाई, कोणी आलं की आम्ही नाव वाचणार, ते माणूस तेच असेल तर हो म्हणायचं, नसेल तर नाही म्हणायचं. ठमाबायनं तोंड धुतलं आणि म्हणाली की हां, कळला. त्यानंतर दिवसभरात ती हो किंवा नाही असं एकदाही म्हणाली नाही.

पहिला अधिकारी नाव वाचायचा, आणि ठमाबाय मासळी सांगायची. म्हणजे असं की, अमुक अमुक भोईर, वय बेचाळीस, असं वाचलं की ही म्हणणार, "मांदेलीवाली. सासऱ्याला काटा चालत नाय, म्हनून मांदेली कुरकुरीत लागते." पुढची आली की, "ही चिंबोऱ्यांची. पन पैशे द्यायच्या टायमाला घरात नसते." ती बाई लाजून हसायची, रांग हसायची, एजंट हसायचे, आणि केंद्राध्यक्ष विचारायचे की म्हणजे ही तीच ना? ठमाबायला त्या प्रश्नाचा राग यायचा. चिंबोऱ्यांची म्हणून सांगितल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं? तीस वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन गावातल्या एकेका दारात उभी राहिली होती. तिची यादी आमच्या यादीपेक्षा जुनी आणि जास्त खरी होती.

गावात दोन जुळे भाऊ होते. सख्ख्या आईची गफलत व्हावी इतके सारखे, आणि दोघांचे शर्टही एकाच ताग्यातले. थोरला मत देऊन गेला आणि दहा मिनिटांनी धाकटा आला तेव्हा एक एजंट उठून ओरडला की हा परत आला. मी त्याचं बोट बघितलं, शाई नव्हती. पण एजंटला वाटलं पुसून आला असेल. ठमाबायनं पाटावरूनच त्या भावाला विचारलं की मासळीचा वाटा कितीला घेशील? काही कारण नसताना तो बिचारा म्हणाला, "तू सांगशील तेवढे." ठमाबाय म्हणाली की धाकटा हाय, थोरला घासाघीस केल्याबिगर राहत नाय. एजंट खाली बसला.

माझं काम शाईचं. डाव्या हाताच्या तर्जनीवर नखापासून वर एक रेघ ओढायची, मग मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. माझ्यानंतरचा अधिकारी मतपत्रिका आणि शिक्का द्यायचा. सोपं वाटतं, पण बायका बोट मुठीत लपवायच्या. कोणाला वाटायचं शाई जेवणात उतरेल, कोणाला वाटायचं देवाचं करताना चालणार नाही. दुपारी माझा आवाज चढला तेव्हा ठमाबाय उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली की मास्तरनी, वरडू नको, हात धर. बोट धरू नको, अख्खा हात धर. बांगड्या भरताना कासार धरतो तसा मी हात धरायला लागले आणि मुठी उघडायला लागल्या. पुढे पस्तीस वर्षं पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं ते याच युक्तीनं.

मत कसं द्यायचं याची शिकवणीसुद्धा तीच घ्यायची. मतदानाच्या आदल्या दिवशी सुकी मासळी बांधायच्या रद्दीचे तुकडे घेऊन ती ओट्यावर बसायची आणि शेजारच्या बायकांना घडी शिकवायची. आधी उभी, मग आडवी. उलटी घडी घातली की शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या चित्रावर उमटते आणि मत बाद होतं, हे तिनं स्वतःच हेरलेलं होतं. कोणाला मत द्या, हे मात्र ती कधी बोलली नाही. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाली, "टोपलीत काय घ्यायचा ते गिऱ्हाईक बगल. मी फकस्त पुडी बांधाया शिकवते."

दुसऱ्या वेळची ड्यूटी माझ्या लक्षात आहे ती हरवलेल्या शिक्क्यामुळे. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या लक्षात आलं की दोनपैकी एक शिक्का नाही. टेबलाखाली पाहिलं, मत द्यायच्या आडोशामागे पाहिलं, शेवटी मतपेटी उचलून खाली पाहिलं. केंद्राध्यक्षांना घाम फुटला. सरकारी शिक्का गेला म्हणजे नोकरी गेली, अशी त्यांची समजूत होती, आणि मीही त्यांना तसं नसतं म्हणून सांगू शकले नाही. ठमाबाय डोळे मिटून बसली. सकाळपासून आलेली सगळी माणसं तिच्या डोळ्यांपुढून गेली असणार. मग उठली, पदर खोचला आणि बाहेर पडली.

पाव तासानं ती शिक्का मुठीत घेऊन आली. एका म्हाताऱ्या आजोबांना वाटलं होतं की कागद सरकारला द्यायचा आणि शिक्का आपल्याला ठेवायचा. इतक्या वर्षांत सरकारनं काहीतरी दिलं म्हणून ते खूश होऊन घरी गेले होते. तोपर्यंत त्यांनी तीन नातवांच्या पोटावर, दाराच्या चौकटीवर आणि माळ्यावरच्या पाच भोपळ्यांवर मतं देऊन टाकली होती. ठमाबायनं शिक्का परत मागितला तेव्हा आजोबा रडकुंडीला आले. शेवटी तिनं त्यांना एक पापलेट कबूल केलं आणि शिक्का सोडवून आणला. हे ती सांगत होती तेव्हा केंद्राध्यक्षांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्याच दिवशी तिचा दुसरा चेहराही मला दिसला. तिच्या चुलत दिराची मुलगी रांगेत होती. वीस वर्षांची पोर. तेव्हा मताला एकवीस पुरे लागायचे. मोठी बहीण बाळंत होती, तिची चिठ्ठी घेऊन ही नऊवारी नेसून आली होती, उगीच, हौसेनं. बाकावरचे सगळे एजंट गावातले, सगळ्यांना ठाऊक, पण कोण कशाला वाईट होईल? सगळे छताकडे बघायला लागले. पोरीनं ठमाबायकडे बघून डोळे मिचकावले. ठमाबाय म्हणाली की ही ती नाय. मासळीचं नाव नाही, काही नाही. पोर रडत गेली. त्या घरानं तिच्याकडून वर्षभर मासळी घेतली नाही, असं मी मागाहून ऐकलं. मी तिला विचारलं की एका मतानं काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "एकदा खोटा बोट दाखवला का मंग खऱ्याला पन कोन इचारनार नाय."

एकाच मतदाराच्या वेळी मात्र ठमाबाय भिंतीकडे तोंड करून बसायची. ती म्हणजे चांगूबाय, तिची थोरली नणंद. चांगूबाय तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती आणि गावाच्या खाडीकडच्या टोकाला एकटी राहायची. दोघी एकाच बाजारात मासळी विकायच्या, पण कित्येक वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण काय, तर भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, चांगूबाय एकदा म्हणाली होती की ठमीचे बोंबील कालचे आहेत. आपल्याला वाटेल, एवढंच? पण ते मासळीवालीला सांगून बघा. चांगूबाय मत द्यायला आली की ठमाबाय भिंतीला सांगायची की बरोबर हाय, घ्या तिला. चांगूबायही भिंतीकडेच बघत बोट पुढे करायची. मला दोघींच्या मध्ये बसून हसू दाबावं लागायचं.

ठमाबाय स्वतः मत द्यायची सगळ्यांच्या शेवटी. तिचं म्हणणं, आधी गिऱ्हाईक, मग घर. चांगली मासळी विकून झाली की उरेल ते आपल्या कालवणात, तसंच हे. पाचला दहा कमी असताना ती हात धुवायची, कनवटीची चिठ्ठी काढायची आणि टेबलापुढे उभी राहायची. तोवर एजंट पिशव्या आवरत असायचे, आम्हाला पेटी सील करायची घाई असायची. तिच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही.

तिसऱ्या वेळी हेच नडलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. तोवर वाशीचे सेक्टर भरत आले होते आणि नव्या वसाहतीतली काही घरंही आमच्या केंद्राला जोडली होती. त्यामुळे बाकावर गावातल्या तीन एजंटांबरोबर विलास नावाचा एक तरुण येऊन बसला होता. नुकताच बीकॉम झालेला, इस्त्रीचा शर्ट, नियमांचं पुस्तक खाकी कागदाचं कव्हर घालून आणलेलं. केंद्राध्यक्ष सोनटक्के साहेब, वऱ्हाडातले, मोठे नेमस्त. दोघंही ठमाबायला पहिल्यांदाच बघत होते. सोनटक्के साहेबांना तिची मासळीची भाषा अर्ध्या तासात कळायला लागली. विलासला मात्र तो सगळा पोरखेळ वाटत होता.

अकराच्या सुमाराला एक बाई मंजुळा नावाच्या मतदाराची चिठ्ठी घेऊन आली. ठमाबाय म्हणाली की मंजुळा मोऱ्याला गेलीय लेकीच्या बाळंतपनाला, ही तिची जाव. ती बाई जीभ चावून निघून गेली. तिला रिक्षातून आणलं होतं ते विलासच्याच पक्षाच्या लोकांनी. त्याला याची खबर नव्हती, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. पण बाकीचे एजंट त्याच्याकडे बघून जे हसले, ते त्याला झोंबलं. तेव्हापासून तो ठमाबायकडे लक्ष ठेवून होता.

पाचला दहा कमी होते. वर्ग रिकामा झाला. ठमाबायनं हात धुतले, चिठ्ठी काढली. पहिल्या अधिकाऱ्यानं वाचलं, सगुणा धोंडू पाटील, वय पंचावन्न. मी तिचा हात धरला होता, शाईची काडी बाटलीत बुडवली होती, तेवढ्यात विलास उभा राहिला.

"साहेब, माझी हरकत आहे. सकाळपासून सगळं गाव यांना ठमाबाय म्हणतंय. मग सगुणा कोण?"

त्यानं पुस्तक उघडलं, नियम दाखवला आणि हरकतीची दोन रुपयांची अनामत टेबलावर ठेवली. मला इतका संताप आला की मी शाईची बाटलीच त्याच्या शर्टावर ओतणार होते. पण सोनटक्के साहेबांनी मान हलवली. हरकत नियमात होती. त्यांनी बाकीच्या तिघा एजंटांना विचारलं की ही बाई सगुणा धोंडू पाटील आहे, असं तुम्ही सांगता का? तिघंही एका सुरात हो म्हणाले. लहानपणापासून ओळखतो, म्हणाले. साहेबांनी पेन उचललं. खरं म्हणजे तिथंच सगळं मिटलं होतं.

ठमाबायनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "यांना ठमी ठाव हाय. सगुना यांच्यातल्या कोनाला ठाव नाय. यांचे बापुस सांगते तं गोष्ट वेगळी."

मग उभ्यानं, साहेबांकडे बघत, तिनं सांगितलं. ती मूळची मोरा गावची. ठमी हे तिचं माहेरचं नाव. लग्न करून घणसोलीत आली तेव्हा नवऱ्यानं ताटातल्या तांदळात नाव लिहिलं, सगुणा. दीड वर्ष सगळं घर तिला सगुणा म्हणत होतं. मग एका उधाणाला धोंडू खाडीत गेला तो आलाच नाही. तेराव्याला सासू म्हणाली की हे नाव घरात आणलं आणि माझा पोर गेला, आजपासून ती ठमीच. सासूपुढं कोणाची टाप होती? नाव बंद झालं. पुढे काही वर्षांनी यादीवाले पहिल्यांदा दारात आले. सासू आत चुलीपाशी होती. ठमाबायनं त्यांना हळूच सांगितलं, सगुणा.

"तवापासून त्या कागदावर तेवडा ऱ्हायला," ती म्हणाली. "पाच वरसांनी एकदा तुमी वाचता. दुसरा कोन मना त्या नावानं हाक नाय मारत."

आधीच्या दोन्ही वेळी ती पहिल्या अधिकाऱ्याला नाव पुन्हा एकदा वाचायला लावायची. मला वाटलं होतं, बाईला कमी ऐकू येतं. तिला कमी ऐकू येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं, आणि मी शाईच्या बाटलीचं बूच उगाच लावत-काढत राहिले.

विलासचा चेहरा पडला होता. तो म्हणाला की मी हरकत मागे घेतो. साहेबही म्हणाले की बाई, मला पटलं, द्या मत. पण ऐकेल ती ठमाबाय कसली? तिनं मान हलवली. सकाळी मंजुळाच्या जावेला आपण परत पाठवलं. आता स्वतःला कोणी ओळखत नसताना, नुसत्या स्वतःच्याच शब्दावर मत दिलं, तर त्या बाईनं काय समजावं? इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना नाही म्हटलं, त्या सगळ्यांनी काय समजावं? मत गेलं तर गेलं, पण असं नको. हे ती शांतपणे म्हणाली. फक्त चिठ्ठी तिनं इतकी घट्ट धरली होती की कागदाचा बोळा झाला होता.

सोनटक्के साहेबांनी विचारलं, "मग हे नाव ठाऊक असलेलं माणूस उरलंच नाही का कोणी?"

ठमाबाय भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "हाय एक. पन तिच्याशी मी बोलत नाय."

गावातले तिन्ही एजंट एकदम पायांकडे बघायला लागले. कोण ती, हे सगळ्यांना कळलं होतं. पण चांगूबायला बोलवायला जायचं म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायच्या. शेवटी उठला विलास. त्यानं नियमांचं पुस्तक बाकावर ठेवलं, घर कुठं ते विचारून घेतलं आणि इस्त्रीच्या शर्टानिशी खाडीच्या दिशेनं पळत सुटला.

पाच वाजले. साहेबांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की पाचच्या आत जो आत आलाय त्याचं मत घेतल्याशिवाय मी पेटी बंद करणार नाही, सील करायला उशीर झाला तर झाला. ठमाबाय पाटावर जाऊन बसली. सवा पाच झाले. बाहेर आमची बस हॉर्न देत होती. मी तिला पाणी दिलं, ते तिनं नुसतं हातात धरलं. येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली की नाय येनार, मी असते तं नसते आली.

ती आली. विलासच्या मागून, कोयता हातात तसाच, मनगटापर्यंत खवले चिकटलेले. मासळी कापता कापता उठून आली होती. पोलिसानं दारात कोयता काढून घेतला. चांगूबाय आत आली आणि सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. साहेबांनी तिला विचारलं की सगुणा धोंडू पाटील या बाईला तुम्ही ओळखता का?

"मी नाय ओळखनार तं कोन?" चांगूबाय भिंतीला म्हणाली. "धोंडूला लिवता येत नव्हता. मी दुसरी शिकलेली. ताट मी धरला व्हता, त्याचा हात पन मीच धरला, आनि तांदळात मीच लिवला. नाव त्याचा, अक्षर माझा."

खिडकीत पहिलीच्या पोरांच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या. तिनं एक ओढली, पेन्सिलीचा तुकडा उचलला आणि खवल्यांच्या हातानं लिहिलं. वाकडीतिकडी तीन अक्षरं. पाटी साहेबांपुढे ठेवली, मग पहिल्यांदाच भिंतीकडून वळली आणि पाटावर बसलेल्या ठमाबायकडे बोट दाखवलं. म्हणाली की हीच ती, माझ्या भावाची बायको.

साहेबांनी जबाब लिहायला घेतला. चांगूबाय जायला निघाली, दारातून परत आली.

"आनि ते बोंबील ताजं व्हतं," ती म्हणाली. "ते पन लिवा."

सोनटक्के साहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं की कुठल्या रकान्यात लिहू? इतका वेळ दम धरून बसलेला सगळा वर्ग फुटला. एजंट हसले, पोलीस हसला, विलास घाम पुसत हसला. ठमाबाय तेवढी हसली नाही. ती पदर तोंडाला लावून बसली होती, आणि पदराच्या आत हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. मी मात्र रडत होते. मी कबूल करते.

विलासनं अनामत परत मागितली नाही. पहिल्या अधिकाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो उभा राहिला आणि शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात त्यानं वाचलं, सगुणा धोंडू पाटील. ठमाबायनं हात पुढे केला. मी तो अख्खा धरला आणि शाईची रेघ ओढली. ती आडोशामागे गेली, शिक्का मारला, घडी घातली, आधी उभी, मग आडवी. मत पेटीत टाकलं आणि पेटीवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग साहेबांना म्हणाली की आता करा बंद.

पुढच्या वर्षी आम्ही बदलीवर पनवेलला गेलो आणि घणसोलीची ड्यूटी सुटली. ठमाबाय मला पुन्हा दिसली नाही. शेवटची दिसली ती त्याच संध्याकाळी. पेटीला लाख लावून, पाकिटं मोजून आम्ही बाहेर आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. उन्हं अजून होती. शाळेच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. चांगूबायचे हात तसेच खवल्यांचे, कोयता बाजूला. ठमाबाय सांगत होती, चांगूबाय मध्येच तिला खोडून सांगत होती, आणि दोघी एकदमच बोलत होत्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते एका संध्याकाळी कसं संपणार?

मी बसच्या खिडकीतून हात केला. ठमाबायचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. बस सुरू होईना, ड्रायव्हर खाली उतरून काहीतरी बघत होता, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं. चांगूबाय कोयता घेऊन उठली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "सगुने, उठ आता. मासळी तशीच टाकून आयली मी, मांजर खाईल."

ठमाबाय जागची हलली नाही. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट होते, आणि दोघींमध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. तरी तिनं वर बघून विचारलं, "काय बोललीस?"

चांगूबायनं तिला पुन्हा हाक मारली.